पुलावरचे छप्पर

पुलाला छप्पर कशाला? ओढा ओलांडायला जेमतेम एक मिनिट लागते, तेवढ्यात माणूस कितीसा भिजणार? व्हिएतनाममधल्या होई आन गावच्या कौलारू पुलाचे छायाचित्र प्रथम पाहिले तेव्हा मला हाच प्रश्न पडला होता. उत्तर मोठे गमतीचे आहे. ते छप्पर मुख्यतः पुलासाठीच असते. उघड्यावरचे लाकूड उन्हापावसाने काही वर्षांत कुजते. डोक्यावर कौले असली की तेच लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

आम्हा गोंयकारांना हे कुणी शिकवायला नको. मे महिना आला की नळे परतायचे, फुटके बदलायचे, झड लागते त्या बाजूला चुडतांच्या झापांची आड करायची. ज्या घराचे वारस मुंबईला गेले आणि छपराकडे कुणी पाहिले नाही, त्याच्या मातीच्या भिंतींचा दोन-चार पावसाळ्यांत चिखल झालेला आपण पाहिला आहे.

होई आन हेही आपल्या जुन्या गोव्यासारखे व्यापाराचे बंदर. साधारण चारशे वर्षांपूर्वी तिथल्या जपानी व्यापाऱ्यांनी हा पूल बांधला, असे मानतात. लांबी अवघी १८ मीटरच्या आसपास. एका टोकाला कुत्र्यांच्या मूर्ती, दुसऱ्या टोकाला माकडांच्या, आणि पुलाला लागूनच छोटेसे देऊळ. १७१९ साली तिथल्या राजाने त्याला नाव दिले, त्याचा अर्थ ‘दुरून आलेल्यांचा पूल’. व्हिएतनामच्या २०,००० डाँगच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. पुराचे पाणी आणि पर्यटकांची गर्दी यांनी तो खिळखिळा झाला, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती काढली. सांगाडा उतरवला, कुजलेले वासे बदलले, पुन्हा जोडले. ऑगस्ट २०२४ मध्ये पूल खुला झाला आणि लोक चिडले. म्हणे, रंग फार ताजा, आमचा जुना पूल कुठे गेला?

हे वाचून मला बॉ जेझुसची बासिलिका आठवली. १६०५ साली पूर्ण झालेल्या या वास्तूच्या चिऱ्यांवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो खरवडून काढला. तेव्हापासून तो मऊ, सच्छिद्र चिरा दर पावसाळ्यात पाणी पितो आणि झिजतो. गिलावा परत करा, अशी कळकळीची हाक २०२० मध्ये बासिलिकेतूनच आली. पण लाल चिऱ्यांची बासिलिका म्हणजेच जुने गोवे, असे आपल्या डोळ्यांनी ठरवून टाकले आहे. ती पांढरी झाली तर आपणही होई आनच्या लोकांसारखेच म्हणू, आमची जुनी बासिलिका कुठे गेली?

सरकारी कचेरीत वीसेक वर्षे कागद पुढे सरकवल्यावर मला एक कळले आहे. नव्या बांधकामाच्या फाइलीला पाय असतात, देखभालीच्या फाइलीला नसतात. कौले परतल्याचे उद्‌घाटन होत नाही, गिलाव्यावर कुणाच्या नावाची पाटी बसत नाही. त्यात भर म्हणून आपल्याला जुने ते जुनेच दिसायला हवे असते.

पुढच्या वेळी जुन्या गोव्याला गेलात तर समोरचा फोटो काढून झाल्यावर भिंतीजवळ जा आणि तो चिरा नीट बघा. मग सांगा, आपल्याला काय राखायचे आहे, भिंत की तिचा लाल रंग?