ब्रेकचे तेल जाते कुठे?

आमच्या इतवारीच्या वस्तीत चार घरांनी मिळून एक जुनी मारुती ८०० घेतली आहे. रात्री-बेरात्री आजाऱ्याला मेयोत न्यायला आणि म्हाताऱ्या मंडळींना दीक्षाभूमीवर वंदनेला न्यायला. गाडी बहुधा मीच चालवतो, हिशेबाची वहीही माझ्याकडेच. त्या वहीत चार महिन्यांत तीनदा ‘ब्रेक ऑइल, एक बाटली’ अशी नोंद माझ्याच अक्षरात आहे. मी बी.कॉम. झालेला कारकून. ऑफिसच्या खात्यात अशी गळती दिसली असती तर तेव्हाच पकडली असती. पण एका मिस्त्रीने सांगितले, “जुनी गाडी आहे, टाकत राहा,” आणि मी टाकत राहिलो. कोणी सांगितले म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाचे आम्ही अनुयायी!

मागच्या महिन्यात शहीद चौकात पेडल थेट खाली गेले. मागे शेजारची आजी बसलेली. भराभर दोन-तीनदा दाबले, हँडब्रेक ओढला. समोरच्या हातठेल्यापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली.

वस्तीतलाच एक पोरगा गॅरेजात कामाला आहे. तो म्हणाला, “काका, हे तेल पेट्रोलसारखं जळत नाही. लायनर झिजले तर डबीत थोडं उतरते, पण इतकं नाही. ते कुठं तरी गळून राह्यलं.” त्याने रात्री चारही चाकांखाली जुने पेपर अंथरले. सकाळी मागच्या डाव्या चाकाखाली डाग होता, टायरची आतली बाजूही ओली. ड्रम उघडून व्हील सिलिंडरचे रबर उचलताच तेल ओघळले. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेते. वर्षानुवर्षे बदलले नाही तर आत गंज चढतो, मग रबर टिकत नाही. आम्ही तर नुसती भर घालत होतो!

सिलिंडर नवा बसवला. तेलात भिजलेले ब्रेक शू धुऊन चालत नाहीत. दोन्ही मागच्या चाकांचे बदलले. तेल डबीच्या झाकणावर लिहिलेलेच घातले. इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, रबर फुगते. शेवटी हवा काढली. मी पेडल दाबून धरायचे, त्याने निपल सैल करून पुन्हा आवळायचे, मगच मी पाय उचलायचा. मध्ये डबी रिकामी होऊ द्यायची नाही. बऱ्याच वेळाने पेडल घट्ट लागले.

रविवारी विहारात वंदनेनंतर मी वही उघडून त्या तिन्ही नोंदी वाचून दाखवल्या.

आजीने विचारले, “म्हणजे तुले चार महिन्यांपासून माहीत होतं?”

“हो, आजी.”

ती काही बोलली नाही. पौर्णिमेला दीक्षाभूमीला निघालो तेव्हा गाडीत बसण्याआधी तिने त्या पोराला बोलावून चाकाखाली वाकून पाहायला लावले.