पस्तीस म्हणजे नक्की किती?

अमेरिकेतल्या देसी माणसाला दोन कागदांची सॉलिड भीती वाटते. एक म्हणजे इमिग्रेशनचं पाकीट आणि दुसरा म्हणजे मामाने गाडीच्या खिडकीतून आत सरकवलेलं स्पीडिंगचं तिकीट. पहिल्यासाठी आपण वकील गाठतो, दहा मित्रांना फोन करतो. दुसरं मात्र गुपचूप भरून टाकतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे लहानपणापासून ऐकलेलं असतं ना!

मी ती पायरी चढलो. म्हणजे टपालाने चढलो, पण चढलो. त्या निमित्ताने जे वाचलं ते इतकं इंटरेस्टिंग निघालं की म्हटलं या वीकेंडला हेच लिहावं.

घटना साधीच आहे. ऑक्टोबर 2023, रविवार, सकाळचे दहा. कॅलिफोर्नियातल्या आमच्या गावातला (नाव नको) चौपदरी, सरळ, कोरडा, जवळजवळ रिकामा रस्ता. पाटीवर 35 मैल, रडारवर 44. आपल्या हिशेबात 56 च्या जागी 71 किलोमीटर. ऑफिसर अगदी सभ्य होता. मी सही केली. बऱ्याच लोकांना वाटतं की सही म्हणजे गुन्हा कबूल, म्हणून ते तिथेच हुज्जत घालतात. प्रत्यक्षात त्या सहीचा अर्थ एवढाच, की गुन्हा कबूल न करता मी दिलेल्या तारखेपर्यंत कोर्टाकडे दाद देईन. वाद घालायची जागा रस्ता नव्हेच.

घरी येऊन तिकिटावरचं कलम शोधलं : वाहन कायदा, 22350. वाचून पाहतो तर काय, त्यात 35 हा आकडाच नाही! कायदा एवढंच म्हणतो की हवामान, दृश्यमानता, रहदारी, रस्त्याची रुंदी आणि पृष्ठभाग पाहता जो वेग वाजवी असेल त्याहून जास्त वेगाने कोणीही गाडी चालवू नये. याचा एक अर्थ असा की दाट धुक्यात 35 च्या रस्त्यावर 30 ने गेलात तरी तिकीट मिळू शकतं. आणि दुसरा अर्थ असा की अशा रस्त्यावर 35 च्या पुढे जाणं हा 'सकृद्दर्शनी' गुन्हा आहे. म्हणजे वरवर पाहता गुन्हा, पण तो वेग त्या परिस्थितीत सुरक्षित होता हे तुम्ही पुराव्याने दाखवू शकता. फ्रीवेवरची 65 ची मर्यादा मात्र तशी नाही. ती पक्की. तिथे 'रस्ता रिकामा होता हो' चालत नाही.

मग आकडा लावायचाच कशाला, सगळं 'वाजवी'वर सोडून द्या की! हा प्रयोगही होऊन गेलाय. तेलटंचाईमुळे 1974 मध्ये अमेरिकेने देशभर 55 ची मर्यादा लावली होती. ती 1995 मध्ये उठली आणि मोंटाना राज्याने दिवसा आकडाच ठेवला नाही. 'वाजवी आणि शहाणपणाने चालवा', बस्स. 1998 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, कारण किती वेगाला गुन्हा होतो हेच माणसाला आधी कळत नसेल तर त्याला शिक्षा कशी करणार? पुढच्याच वर्षी आकडे परत आले.

म्हणजे आकडा हवाच. पण तो येतो कुठून?

इथे आपल्या व्यवसायाची ओळखीची खूण भेटते. आपण सर्व्हरचा पी-95 लेटन्सी काढतो ना, तसाच रस्त्याचा पी-85 काढतात! वाहतूक अभियंता रस्त्याच्या कडेला थांबून मोकळ्या रहदारीतल्या साधारण शंभर गाड्यांचा वेग मोजतो. शंभरातल्या 85 गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो आकडा घेतो, पाचाच्या पटीत बसवतो, आणि अपघातांची नोंद किंवा चालकाला सहज न दिसणारे धोके असतील तर लेखी कारण देऊन पाचने खाली आणतो. यामागचा विचार असा, की बहुतेक माणसं बऱ्यापैकी शहाणी असतात.

कॅलिफोर्नियाने याला एक खमकी अट जोडलीय. शहरांनी तिजोरी भरायला उगाच कमी आकडे लावू नयेत म्हणून, अशी सकृद्दर्शनी मर्यादा ताज्या सर्वेक्षणावर टिकत नसेल आणि तिकीट रडारवर दिलं असेल, तर तो कायद्याने 'स्पीड ट्रॅप' ठरतो. मग कोर्टाला त्या पुराव्यावर शिक्षा देण्याचा अधिकारच नाही! गल्लीबोळ आणि शाळेचा परिसर यातून वगळलेत, पण मोठ्या रस्त्यांना हे लागू. ताजं म्हणजे पाच वर्षांच्या आतलं. ऑफिसरचं रडार प्रशिक्षण आणि यंत्राचं कॅलिब्रेशन नियमाप्रमाणे असेल तर सात. आणि अभियंत्याने रस्ता पुन्हा पाहून काही बदललं नाही असं लिहून दिलं तर जास्तीत जास्त चौदा.

सार्वजनिक कागदपत्रं मागायचा हक्क इथे प्रत्येकाला आहे. मी शहराला चार ओळींची ईमेल टाकली. नवव्या दिवशी पीडीएफ हजर. तारीख : मे 2008. पी-85 होता 42, त्याचे झाले 40, आणि बाजूच्या ड्राइव्हवेंचं कारण देऊन 35. म्हणजे माझ्या तिकिटाच्या दिवशी ते सर्वेक्षण पंधरा वर्षांचं घोडं झालं होतं.

बाकी काम कंटाळवाणं. दंडाची मूळ रक्कम 35 डॉलर, पण अधिभारावर अधिभार चढून आकडा दोनशेच्या वर जातो. शिवाय लायसन्सवर एक पॉइंट आणि त्यापायी वाढणारा इन्शुरन्स. रक्कम आधी जमा केली आणि लेखी खटल्याचा फॉर्म भरला. त्यात रडू नये, भांडू नये. रस्ता, तारीख, सर्वेक्षणाची प्रत, कलम, एवढंच. ऑफिसरही त्याची बाजू लेखी देतो. हरलात तर वीस दिवसांत समोरासमोरचा नवा खटला मागता येतो, म्हणजे एकाच परीक्षेला दोन अटेम्प्ट. मला दुसरा लागला नाही. दोन महिन्यांनी 'डिसमिस्ड' असं पत्र आलं आणि मागोमाग पैशांचा चेक.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "टेक्निकॅलिटीवर सुटलास लेका!" मला हे पटत नाही. आपल्याकडे वाण्याच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो आणि तो ठरावीक मुदतीने नवा करून घ्यावा लागतो. शिक्का शिळा असेल तर साखर कमीच भरली असं सिद्ध होत नाही, पण त्या काट्याच्या भरवशावर कोणाला चोर म्हणता येत नाही. सरकारच्या काट्यालाही हाच नियम हवा.

पुण्या-मुंबईच्या मंडळींनो, तुमच्याकडेही कायदा काही मुका नाहीये. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 112 सांगतं की स्थानिक वेगमर्यादा राजपत्रातल्या अधिसूचनेने लावायची (महिन्याच्या आतली तात्पुरती सोडून) आणि रस्त्यावर पाटीही हवी. कलम 183 प्रमाणे 'मला वाटलं गाडी जोरात होती' या एका साक्षीदाराच्या मतावर शिक्षा होत नाही, यंत्राचा आधार लागतो. 2021 मध्ये आलेल्या नियम 167अ ने कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र आणि आधी इशाऱ्याचा फलक सक्तीचा केला. तेव्हा ई-चलान आलं की शिव्या घालण्याआधी फोटो, जागा, वेळ आणि पाटी जुळते का ते बघा. जुळत असेल तर भरून टाका. नसेल तर तक्रार करा. 'मामा, जरा बघा ना' यापेक्षा हे कितीतरी बरं.

इथवर लिहून मी कॉलर ताठ करून बसलो असतो. पण त्या हिवाळ्यात आई पुण्याहून आली होती. तिला लायब्ररीत जायला हाच रस्ता ओलांडावा लागायचा. चेक दाखवला तर म्हणाली, "छान झालं. पण तुमच्या त्या साहेबाने गाड्या मोजल्या तेव्हा कडेला उभी माणसं मोजली का रे?"

पीडीएफ पुन्हा उघडलं. शंभरावर गाड्या होत्या. पायी माणूस एकही नाही! आईने सर्वेक्षणाचं पद्धतशास्त्र एका वाक्यात उघडं पाडलं होतं. चालकांच्या सवयीवरून मर्यादा ठरवायची या विचाराला 1964 च्या सॉलोमन अहवालाचा मोठा आधार दिला जातो, आणि तो ग्रामीण हायवेंचा होता. हायवेवर कोणी पुस्तकं घेऊन रस्ता ओलांडत नाही. गावात ओलांडतात. आणि वेग 35 वरून 44 झाला की गाडीची गतिज ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. चालकाला तो फरक जेमतेम जाणवतो, समोरच्या माणसाच्या हाडांना पुरता जाणवतो.

म्हणूनच कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये एबी-43 हा कायदा केला. चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वर्दळ असेल तिथे शहराला पी-85 च्या गणितातून आणखी पाच मैल कमी करता येतात. मात्र त्यासाठीही सर्वेक्षण लागतंच.

मग मी शहराला दुसरी ईमेल टाकली : तुमची मर्यादा कालबाह्य आहे, नवीन मोजणी करा, आणि या वेळी लायब्ररीसमोरचा क्रॉसवॉकही बघा. सोबत आईने आठवडाभर रोज संध्याकाळी वहीत टिपलेले आकडे जोडले. किती जण थांबले, किती वेळ थांबले. (निवृत्त शिक्षिका आहे, तक्ते आखण्यात तिचा हात कोण धरणार!)

2025 च्या उन्हाळ्यात पाटी बदलली. आता तिथे 30 आहे. सर्वेक्षण ताजं आहे, मी मागवून बघितलं. कुठेही पळवाट नाही. मी 30 नेच जातो, मागचा टेस्लावाला अगदी बंपरला चिकटून येतो, आणि त्याला काय वाटत असेल ते मला चांगलंच ठाऊक आहे.