न्यू जर्सींतील हिमवादळ

आपल्या महाराष्ट्रांत ऋतु येतात ते वाजतगाजत येतात. वळीव यावयाचा असला म्हणजे आधीं धुळीचे लोट उठतात, झाडांच्या फांद्या कडाडतात, मेघ गर्जतात आणि मग थेंब पडूं लागतात. मृगाचा पाऊस कौलांवर ताशा वाजवितो. त्यामुळें जें संकट मोठें असेल तें मोठा आवाज करीत येईल, अशी आपल्या कानांची समजूत होऊन बसलेली असते. उष्ण देशांतील मनुष्य हिमप्रदेशांत गेला म्हणजे त्याला ही समजूत प्रथम बाजूस ठेवावी लागते. इ. स. २०१६ च्या जानेवारींत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जें प्रचंड हिमवादळ झालें, तें न्यू जर्सी संस्थानांतील एडिसन या गांवीं राहून आम्हीं पाहिलें. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा कुटुंबांस त्यापासून कांहीं बोध घेतां येईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

एडिसन हें न्यूयॉर्कच्या नैर्ऋत्येस, आगगाडीनें सुमारें तासाभराच्या अंतरावर आहे. विजेच्या दिव्यामुळें जगद्विख्यात झालेल्या संशोधकाची प्रयोगशाळा येथील मेन्लो पार्क भागांत होती. त्याचेंच नांव पुढें गांवास मिळालें. येथील ओक ट्री रस्त्यावर तूरडाळीपासून कढीलिंबापर्यंत सर्व कांहीं मिळतें, आणि मराठीही कानीं पडते. त्यामुळें आपण फार दूर आलों आहोंत असें वाटत नाहीं. पण पुणें साडेअठरा अक्षांशांवर, तर एडिसन साडेचाळीस अक्षांशांवर. हा फरक वाणसामानानें भरून निघत नाहीं.

अमरकोशांत हिमाला सात नांवें सांगितलीं आहेत. हिम, तुहिन, तुषार, नीहार, प्रालेय, मिहिका आणि अवश्याय. याखेरीज मोठ्या हिमराशीला ‘हिमानी’ असा स्वतंत्र शब्द आहे. मोठें अरण्य तें अरण्यानी, तशी ही हिमानी. हें रूप आम्हीं पुष्कळ वर्षें वर्गांतल्या फळ्यावर लिहिलें. त्याचा अर्थ डोळ्यांनीं पाहण्याचा योग साठी उलटल्यावर आला.

वादळाची सूचना हवामानखात्यानें कित्येक दिवस आधींच दिली होती. शुक्रवार, ता. २२ रोजीं दुकानांतील दूध व पाव दुपारपर्यंत संपले. रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरूं लागल्या. खारें पाणी साध्या पाण्यापेक्षां अधिक थंडींत गोठतें, हें त्यांतील मर्म. आमच्या सूनबाई रुग्णालयांत परिचारिका आहेत. त्या दोन दिवसांचे कपडे पिशवींत भरून दुपारींच निघाल्या. “रस्ते बंद झाले तरी रोगी थांबत नाहींत, आई,” एवढेंच त्या सौभाग्यवतींना म्हणाल्या.

हें वादळ होतें कसें, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. अटलांटिक महासागरावर, किनाऱ्यालगत, हवेचा दाब एकदम कमी होतो. त्याभोंवतीं वारे घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें फिरतात आणि समुद्रावरील दमट हवा ईशान्येकडून जमिनीवर लोटतात. जमिनीवर तर उत्तरेकडील गारठलेली हवा आधींच बसलेली असते. आपल्याकडे ज्याचा पाऊस झाला असता, त्याचें तेथें हिम होतें.

शुक्रवारीं रात्रीं उशिरां हिम पडूं लागलें. कौल वाजलें नाहीं, पागोळी गळली नाहीं. दिव्याच्या उजेडांत पिंजलेल्या कापसासारखें कांहीं तरी तरंगत खालीं येत होतें. शनिवारीं सकाळीं पाहतों तों रस्ता, हिरवळ, कुंपण यांतील भेद नाहींसा झालेला. मोटारींच्या जागीं पांढरे उंचवटे. वाऱ्यानें हिम असें उडत होतें कीं समोरचें घर दिसेना. ताशीं ३५ मैलांचा वारा, पाव मैलाच्या आंतली दृष्टि, आणि हें सारें निदान तीन तास, असें झालें म्हणजे तेथील हवामानखातें त्यास ‘ब्लिझर्ड’ म्हणतें. न्यूयॉर्क शहरांत दुपारीं अडीचपासून खासगी मोटारींना रस्त्यावर बंदी झाली; ब्रॉडवेवरील नाट्यगृहें मिटलीं. त्या दिवशीं पौर्णिमा होती. भरतीच्या जोडीला वारा मिळून न्यू जर्सीच्या दक्षिण किनाऱ्यावरील कांहीं गांवांत समुद्राचें पाणी शिरलें. आम्हांला मात्र पौर्णिमेचा चंद्र काय, अंगणांतला वृक्षही दिसला नाहीं.

सायंकाळीं शेजारच्या वृद्ध गृहस्थांचा दूरध्वनि आला. पत्नीच्या निधनानंतर ते एकटेच राहतात. तोंवर त्यांचा आमचा परिचय मान लववण्यापुरताच होता. त्यांनीं चिरंजीवांस विचारलें, “भट्टीची नळी मोकळी आहे ना?” तेथें घर उबदार ठेवणारी भट्टी तळघरांत असते, आणि पुष्कळ घरांत तिचा धूर भिंतींतून काढलेल्या नळीनें बाहेर जातो. ती नळी जमिनीपासून फार उंच नसते. हिमानें तिचें तोंड बुजलें तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु घरांत कोंडतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. झोंपलेला मनुष्य झोंपेंतच जातो.

चिरंजीव फावडें घेऊन निघाले. “नाना, तुम्ही दारांतच थांबा. मी मधून मधून हाक मारीन.” आम्ही उंबऱ्यावर, सौभाग्यवती खिडकीशीं दिवा धरून. एक हाक आली, दुसरी आली, तिसरी वाऱ्यांत अर्धी विरली. चौथी आली नाहीं. आम्हीं दोनदां साद घातली. ती तोंडाबाहेर पडतांच हिमानें गिळून टाकली. ताज्या हिमाच्या कणांमध्यें पुष्कळ हवा असते व ती ध्वनि शोषून घेते, हें आम्हांस ठाऊक होतें. पण त्या क्षणीं ज्ञानाचा आधार वाटला नाहीं. किती वेळ गेला तें सांगवत नाहीं. मग फावड्याची खरखर ऐकूं आली, ती पलीकडच्या घराच्या बाजूनें. आपल्या नळीपुढचें हिम काढून चिरंजीव शेजाऱ्यांची नळी मोकळी करण्यास गेले होते. आमच्या नळीच्या तोंडापासून हिम अवघें वीतभर खालीं होतें. त्या रात्रीं हा क्रम आणखी दोनदां झाला.

रविवारीं लख्ख ऊन पडलें. जवळच्या न्यूअर्क येथें २८.१ इंच हिमाची नोंद झाली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें २७.५ इंच. तेथें १८६९ पासून नोंदी आहेत, आणि तोपर्यंत एका वादळांत एवढें हिम कधीं पडलें नव्हतें. आतां थोडें गणित करूं. साधारणतः दहा इंच हिम वितळलें म्हणजे एक इंच पाणी होतें. म्हणजे हा सारा पसारा पावणेतीन इंचांच्या पावसाएवढा. मुंबईस जुलैंत इतका पाऊस एका दिवसांत सहज पडतो आणि समुद्राला मिळतो. पण हिम वाहून जात नाहीं. वीस फूट रुंद व चाळीस फूट लांब अंगणावर त्याचें वजन सुमारें पांच टन भरतें. तें माणसानें उचलावयाचें. थंडीनें रक्तवाहिन्या आकसतात, हातांचे श्रम रक्तदाब वाढवितात. म्हणून प्रत्येक वादळानंतर फावडें हातीं असतांनाच हृदय बंद पडल्याच्या वार्ता येतात. त्या वादळांत तर मोटारीच्या धुराची नळी हिमानें बुजून, आंत ऊब घेत बसलेल्या एका मातेचा व लहानग्याचा अंत झाला. बाहेर घरधनी हिम उपसत होता.

हीं संकटें जुनींच आहेत. मार्च १८८८ च्या वादळांत सुमारें चारशें माणसें दगावलीं. त्यानंतर न्यूयॉर्कनें तारा जमिनीखालीं नेल्या, भुयारी आगगाडीचा विचार बळावला, आणि १९०४ सालीं ती सुरू झाली. पण शहाणपणाचा खरा भाग आम्हांस त्याहून लहान गोष्टींत दिसला. घरापुढील पदपथ ज्याचा त्यानें ठराविक वेळांत मोकळा करावा, असा तेथील पुष्कळ गांवांचा नियम आहे. सकाळीं आबालवृद्ध फावडीं घेऊन बाहेर आले, आणि स्वतःच्या हद्दीशीं कोणी थांबलें नाहीं. शेजारच्या गृहस्थांचें अंगण तिघांनीं मिळून साफ केलें. त्यांनीं सर्वांना ऊन कॉफी दिली. सायंकाळीं सूनबाई सुखरूप परतल्या.

आपल्याकडे एकत्र कुटुंबांत रात्रीं कोणी तरी जागें असतेंच. कोणी खोकलें तरी दुसऱ्या खोलींत कळतें. परदेशीं गेलेल्या मुलांच्या घरीं तशी जाग नसते, आणि तेथील संकट हाक मारून येत नाहीं. ती जाग तेथें शेजाऱ्यानें ठेवावयाची असते. म्हणून मुलाचा दूरध्वनि आला आणि हिम पडत आहे असें तो म्हणाला, म्हणजे ‘जेवलास का’ या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न अवश्य विचारावे. भट्टीची नळी मोकळी आहे ना? आणि शेजारीं कोण राहतें?