सदाफुली

लेकाचा ताप पंधरा दिवस हटेना. रक्त तपासलं आणि ल्युकेमिया निघाला. त्याच आठवड्यात घरात औषधांची रीघ लागली : पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, गोमूत्र अर्क, कुणा वैद्याची पुडी. ‘साखर तोडा, कॅन्सर उपाशी मरतो’ असं बजावणाऱ्या चुलतसासूबाई स्वतः पेढे घेऊन आल्या होत्या. हे सगळं मी फडताळात सारलं. शाळेत विज्ञान शिकवते ना मी!

फसले ती सदाफुलीला. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या मुलीची आई म्हणाली, “ताई, आपलं इंजेक्शन ह्याच झाडाचं. मग पानंच दिली तर काय बिघडलं?” आणि ती खोटं बोलत नव्हती. मुलांच्या शिरेतून जाणारं व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतूनच निघतं. १९५०च्या दशकात कॅनडात संशोधक ही पानं मधुमेहावर चालतात का ते पाहत होते. उंदरांची साखर फारशी हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या. त्याच वाटेवर पुढे हे औषध सापडलं. धादांत थाप असती तर मी हसले असते.

गच्चीतल्या कुंडीतली दहा पानं खुडली, धुतली, खलबत्त्यात कुटली. हिरवा रस बोटांना लागला आणि काय सांगू, बरं वाटलं. तीन आठवडे सलाइन नर्स लावत होती, निर्णय डॉक्टर घेत होते. मी नुसती वहीत ताप लिहायची. आज पहिल्यांदा माझ्या हातांना काम होतं. लेकाने एक चमचा घेतला नि थुंकून टाकला. कडू जहर!

दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टरबाईंना सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ह्या औषधाच्या एका ग्रॅमला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. मुलाला एका वेळी द्यायचं ते फार तर दोन मिलिग्रॅम, तेही त्याच्या उंची-वजनावरून मोजून. आणि हेच औषध शिरेऐवजी पाठीच्या कण्यात गेलं तर जीव जातो. मग विचारलं, “कुंडी कुठे असते?”

“गच्चीत, टाकीपाशी.”

“कबुतरं बसतात?”

बसतात. लेकाच्या पांढऱ्या पेशींचे काउंट त्या आठवड्यात तळाला होते; विष्ठेतला साधा जंतूही त्याला भारी पडला असता.

संध्याकाळी हे सगळं शेजारच्या आईला सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत पानं होती, तिची गाठ सोडत-बांधत म्हणाली, “पटतंय हो ताई. पण मग मी दिवसभर करू काय?”