उद्धट

वरिष्ठांशी उद्धट वर्तन. सेवापटात माझ्या नावापुढं हे तीन शब्द आहेत. छत्तीस वर्षं पोलिसात काढली. चोर धरले, जंगलात पायी गस्त घातली, पुरातले मुडदे उचलले. त्याची एकेक ओळ आहे. याची दोन पानं.

१९९६ चा पावसाळा. गडचिरोली जिल्ह्यातलं एक ठाणं, नाव लिहीत नाही. आमच्या खात्यात गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा. माझं तर गावच तिथलं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर तोडून हा जिल्हा झाला तवा मी दोन वर्षांचा शिपाई होतो. मला आणखी कुठं धाडणार? शहाण्णव साली मी हवालदार, ठाण्याचा रायटर. अक्षर चांगलं होतं. बा अंगठेबहाद्दर. पण १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याच्या दीक्षेला गेला आन् येताना पाटी घेऊन आला. तवा मी जन्मलोही नव्हतो.

त्या दिवशी एक माडिया बाई सकाळपासून बाहेर पावसात उभी होती. तिची तक्रार घ्यायला कुणाला फुरसत नाही. मी तिला आत बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. ग्लास साहेबांच्या टेबलावरचा होता, हे कबूल.

साहेब आले. म्हणाले, "तुमच्या लोकांना जरा जागा दिली की घरच समजता."

मी म्हटलं, "साहेब, तुमचे लोक म्हणजे कोण, ते स्टेशन डायरीत लिहू का?"

एवढंच. आवाज चढला नव्हता. असंल थोडा चढला.

चौथ्या दिवशी कसुरी रिपोर्ट. त्यात माझं वाक्य जसंच्या तसं. साहेबांचं वाक्य नाही. वाचणाऱ्याला वाटावं, हा हवालदार सुखासुखी वेडा झाला. नोटीस आली, मी खुलासा दिला, 'समाधानकारक नाही' असा शेरा पडला. एक वर्ष वेतनवाढ बंद.

१९५१ च्या पोलीस कायद्यात शिक्षेचं कलम २५, अपिलाचं २७. शिक्षा व अपिलाचे नियम १९५६ चे, म्हणजे बा दीक्षेला गेला त्याच वर्षाचे. लोकांवर कलमं लावताना हात दुखला, पण हे पुस्तक स्वतःसाठी पहिल्यांदा उघडलं. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही होता. त्याचा तपास उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा, असा १९९५ चा नियम आहे. पण फिर्याद पहिल्यांदा द्यायची कुठं? त्याच ठाण्यात. लिहून घेणारा रायटर मीच!

वकील म्हणाला, "दिलगिरी लिहा, ताकिदीवर सुटाल."

बायको म्हणाली, "पैशाचं सोडा जी. पण दिलगिरी कायची? पाणी देल्याची?"

साक्षीला दोघं होते. एक तेली, एक आपलाच. तेली म्हणाला, दोघंही बोलले. आपला म्हणाला, मी मुद्देमाल मोजत होतो, ऐकू आलं नाही. त्याची पोरगी लग्नाची होती, मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. आता वाटतं, द्यायला पायजे होत्या.

अपील मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. साहेबांचं वाक्य लिहिताना पेन तीनदा थांबला. १९२८ साली सायमन कमिशनपुढं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं बाबासाहेबांनी लष्करात, आरमारात, पोलिसात मोकळी भरती मागितली होती. त्या मागणीनं ही वर्दी अंगावर आली, आन् वर्दीतला मी एक वाक्य लिहायला भीत होतो.

नागपूरला सुनावणी झाली. मोठे साहेब सभ्य होते, बसा म्हणाले. कागद चाळले आन् एकच प्रश्न केला.

"डायरीत लिहू का, असं तुम्ही विचारलंत. मग लिहिलंत का?"

"नाही साहेब."

"का?"

डायरी माझ्याच पुढ्यात होती. पेन माझ्याच खिशात. बाईची तक्रार त्या दिवशी मीच नोंदवली, वेळेसकट. आन् खालची ओळ कोरी सोडून पुढं गेलो. हे त्यांना कसं सांगावं? मी म्हटलं, "राहून गेलं."

वेतनवाढ परत मिळाली. शिक्षा सक्त ताकिदीवर आली. 'उद्धट' तसंच राहिलं, कारण त्याविरुद्ध कागदावर काही नव्हतं. १९९१ पासून राज्याचं प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, नागपुरात त्याचं खंडपीठ आहे. तिथं जाता आलं असतं. त्या साली पोराची दहावी होती. पण खरं कारण ते नाही, तिथंही हाच प्रश्न आला असता.

२०१६ ला निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी सेवापट बघायला मागितला. ती दोन पानं होती. झेरॉक्स मागितली. कारकून पोरगा वाचत वाचत हसला, म्हणाला, "काका, तुम्ही तर लयच साधे दिसता."