मातीतलं लोखंड

आमच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून एक तिरकी मांडणी उभी आहे. तिच्यावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या उन्हात घातलेल्या असतात. पाहुणे विचारतात, पापड वाळत घातलेत का? जवळजवळ तेच. फक्त पापड लवकर वाळावा असं वाटतं, पट्टी उशिरा मोडावी असं.

तिथे मी एकदा पॉलिप्रॉपिलीनच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या. एक साधी, दुसरीत 5 टक्के मॉन्टमोरिलोनाइट. नाव अवघड असलं तरी वस्तू ओळखीची आहे. आपली कपाशीची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, ती याच कुळातल्या चिकणमातीमुळे. हिचा पापुद्रा जेमतेम 1 नॅनोमीटर जाड. हे पापुद्रे सुटे करून पसरवले, तर चिमूटभर मातीने प्लॅस्टिक कणखर होतं. टोयोटाच्या संशोधकांनी 1980च्या दशकात नायलॉनमध्ये ते करून दाखवलं आणि सगळे या मातीमागे लागले. मीही लागलो. पापुद्रे प्राणवायूची वाट अडवतील, म्हणजे ऊनही कमी बाधेल, असा माझा हिशेब.

झालं उलटंच. मातीची पट्टी आधी पांढुरकी पडली. नख फिरवलं की भुकटी निघायची, वाकवली की कट्‌कन तुटायची. पुढे फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँच्या संशोधक गटाचे याच विषयावरचे निबंध वाचले, तेव्हा कळलं की फसणारा मी एकटा नव्हतो.

उन्हाने पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीवर पेरॉक्साइडं तयार होतात. ती फुटली की साखळी तुटते, आणि तुटताना पुढच्या तुटीची सोय करून जाते. लोखंड या फुटण्याला घाई करतं. आणि चिकणमातीत लोखंड असतंच. ही माती ज्यातून मिळते ते कच्छचं बेंटोनाइट दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेलं. त्यात लोखंड भरपूर. शिवाय माती प्लॅस्टिकशी जुळावी म्हणून तिला अमोनियमचं लांब शेपटीचं संयुग चोळतात. माती वितळत्या प्लॅस्टिकमध्ये मिसळताना, म्हणजे कंपाउंडिंगच्या उष्णतेत, ते मोडतं आणि मागे आम्लधर्मी जागा ठेवतं.

पण मला सगळ्यात लबाड वाटतं ते तिसरं कारण. उन्हापासून राखायला आपण प्लॅस्टिकमध्ये जे स्थिरक घालतो, ते मातीच आपल्या अफाट पृष्ठभागावर धरून बसते. पहारेकरी नेमला, पण तो कोठीतच अडकला. मात्रा वाढवली तर काम निभतं, पण खर्चही वाढतो आणि माती घालून वाचवलेले पैसे तिकडे जातात.

प्लॅस्टिक पांढरं करायला घालतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडचंही असंच. अॅनाटेज रूपातला कण 388 नॅनोमीटरच्या आतला प्रकाश गिळतो आणि भोवतालचं प्लॅस्टिक जाळायला निघतो. रुटाइल हे त्याचं दुसरं रूप त्यामानाने सोशीक. त्यावर अॅल्युमिना किंवा सिलिकाचा थर दिला की बहुतेक गप्प बसतो. दोन्हींचं रासायनिक सूत्र एकच, म्हणून पिशवीवर नुसतं नाव वाचून माल घेणाऱ्याची फजिती होते. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात, त्या मात्र खनिजाच्या नादी न लागता काजळीवर विसंबतात, दोन-अडीच टक्के. तिच्यापुढे आमची नॅनोमाती अजून उमेदवारच आहे.

परवा एक विक्रेता नव्या मातीचा नमुना घेऊन आला. किती पांढरी आहे बघा, म्हणाला. मी विचारलं, लोखंड किती? त्याने कागद उलटून पाहिला. त्यात तो रकानाच नव्हता.