आधी निरोप, मग चेक

मैत्रिणींनो, आपण दिलेला चेक परत आला की समोरच्याच्या मनात पहिला विचार काय येतो? खात्यात पैसे नसणार! आमच्या सुतारकाकांच्या मनातही तोच आला असेल. गणपती आठ दिवसांवर आलेले, कारागिरांचा हिशेब चुकता करायचा, आणि स्वयंपाकघराच्या कामाचा माझा ६५ हजारांचा चेक बँकेने परत केलेला. फोनवर ते "वहिनी, जरा बघा" एवढंच म्हणाले. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पैसे होते हो खात्यात! शाळेच्या अर्धवेळ पगारातून चार वर्षं साठवलेले.

चूक निघाली माझीच. मोठ्या रकमेचा चेक दिला की त्याचा तपशील बँकेला आधी कळवायचा, अशी एक सोय आहे. 'पॉझिटिव्ह पे' म्हणतात तिला. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ती सुरू केली. चेकचा नंबर, तारीख, कुणाच्या नावे आणि किती रुपये, एवढं आपण बँकेच्या मोबाइल ॲपवर किंवा शाखेत जाऊन कळवायचं. चेक वटायला आला की त्यावरचा मजकूर आणि आपला निरोप ताडून पाहिला जातो. मेळ बसला नाही तर चेक अडतो.

चेक मी रात्रीच लिहून ठेवला होता. काका सकाळी घेऊन गेले. निरोप द्यायचा राहिल्याचं आठवलं ते दुपारी, ठाण्याहून शाळा सुटल्यावर डोंबिवलीला येताना. चेकचा नंबर डायरीत टिपलेला होता, रक्कम डोक्यात होती. कळवा-मुंब्र्याच्या मध्ये, गर्दीत एका हाताने दांडी धरून, मनात "पासष्ट" म्हणत मी बटणं दाबली आणि लिहिले ५६ हजार! पाच आधी ऐकू येतो म्हणून पाच आधी लिहायचा, ही दुसरीतल्या मुलांची चूक. रोज लाल पेनाने जी चूक मी सुधारते, तीच माझ्या हातून झाली होती.

घरी अर्थातच थट्टा झाली. "आता सोड ते मोबाइलचं खूळ," असं हे म्हणाले. पण रात्री भांडी आवरताना विचार आला, की ही चूक माझ्याऐवजी एखाद्या चोराने केली असती तर? माझ्या ५६ चे कुणी चेकवर ६५ केले असते, किंवा काकांचं नाव खोडून आपलं घातलं असतं, तरी तो असाच अडला असता. दार चोख होतं, किल्लीच मी चुकीची लावली होती.

चेकच्या तळाशी आकड्यांची एक पट्टी असते, पाहिली आहेत ना? आधी चेकचा सहा आकडी नंबर, मग नऊ आकडी संकेतांक. त्यातले पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. चेक उजेडात धरला तर कागदात 'सीटीएस-इंडिया' ही अक्षरंही दिसतात. या खुणा उपयोगाच्या आहेतच. पण आकडे, नाव, सही हे सगळं चेक हाती पडणाऱ्याला दिसतं, आणि दिसतं त्याची नक्कल होते. शिवाय आता कागद आपल्या शाखेत जातच नाही, त्याचं चित्र जातं. आपला निरोप मात्र चेकवर कुठेच नसतो.

आमच्या शाळेत सकाळी आईची चिठ्ठी येते, 'आज मामा न्यायला येतील.' मग दुपारी दुसरं कुणी कितीही गोड बोलत आलं तरी आम्ही मूल हाती देत नाही. बँकेला आधी कळवणं म्हणजे अशीच चिठ्ठी.

ही सोय ५० हजार आणि त्यावरच्या चेकना आहे. घ्यायची की नाही ते आपल्या मर्जीवर. मात्र ५ लाख आणि त्यावरच्या रकमेला ती सक्तीची करायची मुभा बँकांना आहे, तेव्हा आपल्या बँकेचा नियम विचारून ठेवा. आणि उद्या बघू म्हणून चालणार नाही बरं का! ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटू लागले आहेत.

माझ्या फजितीतून शिकलेलं सांगते. चेक समोर ठेवूनच तपशील भरा. नावाचं स्पेलिंग चेकवर असेल तसंच घाला. बँकेची पोच आली की मगच चेक हातचा सोडा. निरोप पाठवताना मोबाइलवर ओटीपी आला तर तो फक्त आपल्यासाठी. "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही सांगू नका. लहान रकमेच्या चेकवर नाव आणि रकमेपुढची मोकळी जागा रेघ मारून बंद करा. खाडाखोड झाली तर सरळ नवा चेक लिहा. आणि कोऱ्या चेकवर सही? कुणासाठीही नाही, अगदी घरातल्यांसाठीसुद्धा!

दुसऱ्या दिवशी नवा चेक लिहिला, समोर ठेवून निरोप पाठवला, पोच आली, आणि मग कल्याणला काकांच्या कारखान्यात स्वतः नेऊन दिला. घडलेलं सगळं सांगितलं. ते हसले, म्हणाले, "वहिनी, म्हणजे पैसे होते, नुसता आकडा उलटा झाला!"

चेक त्याच संध्याकाळी वटला. कारागीर वेळेवर गावाला गेले. यांनी परवा सोसायटीचा चेक लिहिला, तेव्हा फोन माझ्या हाती देत म्हणाले, "बाई, तेवढी चिठ्ठी पाठवा."